मदत हवी आहे: लांबच्या विमानप्रवासात आईला थंडी सोसत नाही

पुढच्या महिन्यात आई मुंबईहून न्यूयॉर्कला माझ्याकडे येते आहे. वय ७२, गुडघेदुखी जुनी. मागच्या वेळी जवळजवळ सोळा तास ती कुडकुडत आली. एकच पातळ पांघरूण मिळालं, दुसरं मागितलं तर शिल्लक नाही म्हणाले. उतरल्यावर दोन दिवस तिचे पाय आखडलेले होते. तेव्हा फार वाईट वाटलं.

केबिनमध्ये साधारण २२ ते २४ अंश ठेवतात, हे वाचलंय. पण ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५०च्या आसपास असतं, त्यामुळे खिडकी आणि दाराजवळ गारवा जास्त. शिवाय हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, घसा कोरडा पडतो. कर्मचारी सतत चालत असतात, त्यांना ते तापमान ठीक वाटत असेल. तासन् तास बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही.

आई साडीच नेसते. आतून थर्मल लेगिंग घातलं तर एवढा वेळ जाचत नाही ना? गरम पाण्याची पिशवी नेली तर विमानात भरून देतात का? आणि सीट कुठली घेऊ? दाराजवळच्या रांगेत पाय पसरता येतात म्हणून तीच घेतली होती, आता वाटतं तिथेच चुकलं. मधल्या रांगेतली, पण कडेची घ्यावी का? तिला सारखं उठावं लागतं.

आईवडिलांना असं आणलेल्यांनी कृपया सांगा. सीट बदलायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे.