युरोपियन युनियनचे नेते ‘न निवडलेले’ असतात, या टीकेत तथ्य किती?

प्रश्न
ब्रुसेल्समधले नेते कोणी निवडून दिलेले नसतात, असं युनियनचे टीकाकार कायम म्हणतात. पण युरोपीय संसदेची निवडणूक तर दर पाच वर्षांनी होते. मग लोकशाही नेमकी अडते कुठे? कलमं आणि मतांचे आकडे देऊन कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
‘न निवडलेले’ हा आरोप ढोबळ आहे आणि त्यामुळे खरं दुखणं झाकलं जातं. युरोपीय आयोग म्हणजे युनियनचं कार्यकारी मंडळ; त्याच्या अध्यक्षाचं नाव सदस्य देशांचे सरकारप्रमुख सुचवतात आणि संसद एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने त्यावर शिक्कामोर्तब करते. २०१४ मध्ये पक्षांनी आपापला अध्यक्षपदाचा उमेदवार आधीच जाहीर केला होता आणि त्यातूनच ज्याँ-क्लोद युंकर अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये मात्र सरकारप्रमुखांनी संसदेतल्या सगळ्यात मोठ्या गटाचे उमेदवार मानफ्रेड वेबर यांना डावलून उर्सुला फॉन डेर लायेन यांना पुढे केलं. प्रचारात त्यांचं नावही नव्हतं. ३७४ मतं लागत होती, ३८३ मिळाली. २०२४ ला त्या जाहीर उमेदवार होत्या, तेव्हा ४०१ मिळाली.

माझ्या मते निवडीपेक्षा हटवणं जास्त अवघड आहे, आणि खरी तूट तिथेच आहे. युनियनच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातल्या कलम २३४ प्रमाणे संसदेत आयोगावर अविश्वास ठराव संमत व्हायला झालेल्या मतदानाची दोन तृतीयांश मतं लागतात, शिवाय ती एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त असावी लागतात. एकट्या आयुक्ताला असं काढता येत नाही, गेला तर अख्खा आयोग जातो. म्हणून एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना घालवायला मोठे गट कचरतात. असा ठराव आजवर एकदाही संमत झालेला नाही. मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने गैरकारभाराच्या चौकशी अहवालानंतर स्वतःच राजीनामा दिला. जुलै २०२५ मधल्या ठरावाच्या बाजूने १७५ मतं पडली, विरोधात ३६०.

त्यात भर म्हणजे संसदेला स्वतः कायद्याचा प्रस्ताव मांडता येत नाही. त्याच कराराच्या कलम २२५ खाली ती आयोगाला फक्त विनंती करू शकते.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण सगळं खापर आयोगावर फोडू नका. कायदा मंत्रिपरिषदेच्या, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या, संमतीशिवाय होत नाही. बहुतेक विषयांत २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एवढं बहुमत लागतं. आपल्याच मंत्र्याने होकार दिलेला कायदा घरी आल्यावर ‘ब्रुसेल्सने लादला’ म्हणून सांगितला जातो, ही मला जास्त गंभीर फसवणूक वाटते.

अपारदर्शकता असते ती त्रिपक्षीय वाटाघाटींत. आयोग, संसद आणि परिषद यांचे मोजके प्रतिनिधी बंद दाराआड मजकूर ठरवतात, आणि सभागृहापुढे येतो तेव्हा तो बहुधा पक्का झालेला असतो.

प्रतिसाद ३
सार्वमतं विसरू नका. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सने युरोपीय राज्यघटना नाकारली. तिचा बराचसा आशय २००७ च्या लिस्बन करारात आला आणि या दोन्ही देशांत तो संसदेतूनच मंजूर करून घेतला गेला. आयर्लंडने २००८ मध्ये सार्वमतात या कराराला ‘नाही’ म्हटलं, २००९ मध्ये पुन्हा मतदान झालं. मधल्या काळात तटस्थता, कर आणि प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम ठेवणं यांबाबत हमी मिळाली होती, हे खरं. तरी ‘हो’ येईपर्यंत विचारत राहतात, हा लोकांचा समज अशानेच घट्ट झाला.

प्रश्नकर्ता
मग एखाद्या देशाच्या मतदाराच्या हातात काय उरतं?

प्रतिसाद २
आधी कायद्याचा प्रक्रिया क्रमांक शोधायचा. त्यावरून परिषदेत कोणत्या देशाने कसं मत दिलं ते तिच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि संसदेत नावनिशी मतदान झालं असेल तर प्रत्येक सदस्याचं मतही. पण हे सगळं मत पडून गेल्यावरचं. आधी अडवायचं तर राष्ट्रीय संसदांचं ‘पिवळं कार्ड’ आहे: ८ आठवड्यांत प्रस्तावाविरुद्ध या संसदांची साधारणपणे एक तृतीयांश मतं जमली, तर आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो, मागे घ्यावाच लागतो असं नाही. २०१३ आणि २०१६ मध्ये कार्ड दाखवूनही आयोगाने प्रस्ताव कायम ठेवले.

डेन्मार्कची पद्धत यापेक्षा कामाची आहे. तिथे महत्त्वाच्या विषयावर मंत्र्याला परिषदेत जाण्याआधी संसदेच्या युरोप समितीपुढे भूमिका मांडावी लागते, आणि समितीत बहुमत विरोधात गेलं तर ती भूमिका घेऊन त्याला जाता येत नाही. अशी समिती नेमायला ब्रुसेल्सची परवानगी लागत नाही.