मसाईंचे फोटो: त्यांनी पैसे मागितले याचा इतका राग का?

घाटमाथा

परवा इथे दूरलेन्स यांचा केनियाच्या सहलीवरचा लेख वाचला. मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट हरणांचे फोटो अप्रतिम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटचा परिच्छेद डोक्यात गेला. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: मसाई (केनिया-टांझानियातले गुराखी लोक) गावात शिरायचे माणशी तीस डॉलर घेतात, पुरुष उड्या मारून दाखवतात, काड्या घासून विस्तव पेटवतात, मग मागच्या बाजूला मांडलेल्या दुकानांत नेऊन मण्यांच्या माळा गळ्यात मारतात. सगळं नाटक. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीतूनच लांबच्या लेन्सने रस्त्याकडेचे 'खरे मसाई' टिपले, एक पैसा न देता. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मसाई मारा राखीव क्षेत्रात शिरायला परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात, तेही फक्त बारा तासांचे. बिबट्या दिसला नाही तर कुणी परत मागत नाही. लॉजवर रात्री जेवणाच्या वेळी मसाई मुलं येऊन नाचतात, ते पॅकेजमध्ये धरलेलं असतं, म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. तोच मसाई स्वतःच्या अंगणात उभा राहून स्वतःच्या तोंडाने पैसे मागतो, तेव्हा मात्र तो लुटारू. असं का? नाचणं कष्टाचं काम आहे. दारात आलेल्या प्रत्येक गाडीसाठी तेच गाणं, त्याच उड्या, तीच घर दाखवण्याची फेरी. त्याची मजुरी मागितली तर कुठे बिघडलं?

आणि 'खरे' म्हणजे कोण? ज्या मण्यांना आपण अस्सल म्हणतो ते काचेचे मणी व्यापाऱ्यांबरोबर युरोपातून आले. लाल कापडाआधी अंगावर कातडं असायचं. ८०० मीटरमध्ये २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला १:४०.९१ ची वेळ देऊन विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुदिशा मसाईच आहे. टांझानियाचे पंतप्रधान झालेले सोकोइने आणि लोवासा मसाई होते. केनियातल्या नारोकच्या बाजारात शर्ट-पँट घालून फोनवर गुरांचा भाव विचारणारा माणूसही मसाई. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

लेन्सबद्दलचं माझं म्हणणं सर्वांत साधं आहे. लेखातल्या एका फोटोत डोक्यावर सरपण घेऊन चाललेली बाई आहे, तिला आपला फोटो निघाला हे कळलंच नाही. विचारलं असतं तर ती कदाचित नाही म्हणाली असती. तेवढी संधीही तिला दिली नाही, आणि लेखक त्याचा अभिमान सांगतात.

दूरलेन्स

नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही ऐका.

रस्ता सार्वजनिक आहे. जगभर लोक रस्त्यावर फोटो काढतात. मी कुणाच्या घरात डोकावलो नाही, फोटो विकत नाही. परवानगी मागितली की माणूस सावध होतो, ताठ उभा राहतो आणि चेहरा मरतो. तीस वर्षं कॅमेरा हाताळणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि पैसे देण्याचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी दिसली की आठ-नऊ वर्षांची पोरं शाळेच्या वेळेत गुरं सोडून धावत येतात, हात पसरतात. ही सवय डॉलर देणाऱ्यांनी लावली. तुमच्यासारखे लोक 'मजुरी' म्हणून समाधान करून घेतात आणि पुढच्या गाडीमागे ती पोरं धावतात. माझ्या लेन्सने कुणाची शाळा बुडाली नाही.

तिसरं, त्या तीस डॉलरमधले किती गावाला मिळाले हे धागाकर्त्यांना माहीत आहे का? आमच्या ड्रायव्हरने हसत सांगितलं की त्यात त्याचाही वाटा आहे. म्हणजे मी कुणाची मजुरी दिली?

अश्विनी_नैरोबी

इथे बरीच वर्षं राहते, कामानिमित्त नारोकला जाणं होतं, म्हणून बोलते.

ड्रायव्हरच्या वाट्याचं दूरलेन्स म्हणतात ते खरं आहे, आणि ते फार जुनं दुखणं आहे. कोणत्या गावाशी गाडी थांबवायची हे ड्रायव्हर ठरवतो, त्यामुळे गावं त्याच्या हातात असतात. वाटा दिला नाही तर उद्या गाडी पुढच्या गावाला. उरलेले पैसे गावातले पुरुष वाटून घेतात. ज्या शेणामातीच्या घरात तुम्ही वाकून शिरता ते बाईने बांधलेलं असतं, आतल्या अंधारात चुलीशी तीच बसलेली असते, पण प्रवेशाच्या पैशांत तिचा हात सहसा नसतो. तिच्या हातात येतो तो फक्त मण्यांचा पैसा. म्हणजे 'गळ्यात मारतात' म्हणून तुम्ही ज्या माळा नाकारल्या, नेमके तेच पैसे तिचे होते. मी माळ घेते तेव्हा ज्या बाईने ओवली तिच्याच नंबरवर एम-पेसाने (मोबाइलवरून) पैसे पाठवते. दलाल मध्ये पडला की मी उठते.

पण घाटमाथा, तुमच्या म्हणण्यातही एक भोक आहे. गावाने बोलावलं म्हणजे गावातल्या प्रत्येकाने बोलावलं असं होत नाही. पैसे वडीलधाऱ्याने घेतले आणि फोटो सुनेचा निघाला, तर होकार कुणाचा?

सुमेधा_क

अश्विनीताईंशी सहमत, आणि घाटमाथांशी पूर्ण असहमत.

पैसा नुसता नाचाला मिळत नाही, तो विधींच्या आत शिरतो. टांझानियात गोरोंगोरोहून सेरेंगेटीकडे जाताना रस्त्याच्या कडेला काळे कपडे घातलेली, तोंडावर पांढरी नक्षी काढलेली मुलं उभी असतात. सुंता झालेल्या मुलाचा बरा होईपर्यंतचा तो वेश. आता त्यातली काही त्या अवस्थेतली असतात, काही फक्त फोटोसाठी रंगवून उभी राहतात. पोराला मोरान (तरुण योद्धा) होण्याच्या वाटेवरचा काळ रस्त्यावर डॉलरसाठी घालवावा लागला तर मागे काय राहिलं? मसाई पुरुषांचे एनकिपाता, एउनोतो आणि ओल्न्गेशेर हे तीन संस्कार युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने जपायच्या यादीत घातले, ते उगाच नाही.

आणि संस्कृतीचं एवढं कौतुक करताना मुलींचं कुणी बोलत नाही. केनियात मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदनावर २०११ पासून कायद्याने बंदी आहे, तरी चोरून होतं. उड्यांचे फोटो टाकणाऱ्या एकाच्याही लेखात त्याचा उल्लेख मला दिसला नाही.

बिबट्या

सगळे माणसांवरच बोलताय. मी दरवर्षी प्राण्यांसाठी जातो. मारात रात्री गुरं घुसवतात, पहाटे परतणारे कळप मी पाहिले आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये मारातल्या मार्श प्राइड या कळपाच्या सिंहांना मसाई गुराख्यांनीच विष घातलं, कारण सिंहांनी गुरं मारली होती. आपापल्या जमिनींना कुंपणं घातल्यामुळे माराजवळच्या लोइताच्या माळावरचे विल्डबीस्ट किती घटले ते बघा. फोटोची परवानगी हा चहा पिताना चघळायचा विषय आहे. आधी गुरं बाहेर काढा.

घाटमाथा

'गुरं बाहेर काढा' हे वाक्य मसाई शंभराहून अधिक वर्षं ऐकत आहेत, बिबट्या. १९०४ च्या करारात ब्रिटिशांनी त्यांच्याकडून रिफ्ट खोऱ्यातली उत्तम कुरणं घेतली आणि लायकिपियाचं पठार कायमचं तुमचं असं सांगितलं. १९११ मध्ये लायकिपियाही गोऱ्या शेतकऱ्यांसाठी रिकामं करून घेतलं. मसाई कोर्टात गेले, १९१३ मध्ये खटला फेटाळला गेला. पुढे टांगानिकात (आजच्या टांझानियात) १९५९ मध्ये सेरेंगेटीतून काढलं आणि गोरोंगोरोत गुरांसह राहा म्हणून सांगितलं. आता तिथूनही सहाशे किलोमीटरवरच्या म्सोमेराला जा म्हणतात. जून २०२२ मध्ये जवळच्या लोलिओंदोत सरकारने पंधराशे चौरस किलोमीटरवर राखीव क्षेत्राच्या हद्दीचे खांब रोवले, गोळीबार झाला, एक पोलीस बाणाने मेला, जखमी माणसं सीमा ओलांडून केनियात उपचाराला गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाईंनी गोरोंगोरोचा रस्ता अडवला, सफारीच्या गाड्या खोळंबल्या.

तुम्ही ज्या माळावर गाडी उभी करता तिथे सिंह टिकले ते गुराख्यांबरोबर टिकले. जिथून गुराखी हटवून गोऱ्यांना शेतं दिली तिथे किती टिकले?

बिबट्या

इतिहासाचा तास नको. लोकसंख्या १९०४ चीच आहे का? गुरं तेवढीच आहेत का? गहू तेव्हा पेरत होते का? नारोकला मैलोन्मैल गहू आहे, आणि त्या जमिनी मसाईंनीच भाड्याने दिल्या आहेत. त्यांना भोळे गुराखी ठरवणं हासुद्धा तुमचा फोटोच झाला. आणि लोलिओंदोत झालं ते वाईट झालं, हे मी कधी नाकारलं? तिथे शिकारीच्या कंपनीची सोय पाहिली जाते, त्याला माझाही विरोध आहे. पण त्याचं पाप माझ्या माथी मारू नका.

घाटमाथा

गव्हाचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही. रात्री गुरं का घुसतात हेही लिहा ना. दुष्काळात गवत फक्त कुंपणापलीकडेच उरतं.

मेंढका_सातारा

मी सहसा वाचून जातो, आज राहवलं नाही.

आमचं घर धनगराचं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरायचं, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, धान्य-पैसे घ्यायचे, पुढे निघायचं. हायवेच्या कडेला आमचा वाडा (मुक्काम) पडला की पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबायच्या. आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत असायची, आणि समोर चार जण गुडघ्यावर बसून लेन्स फिरवायचे. धूर चेहऱ्यावर छान दिसतो म्हणे. एकाने तिला घोंगडी डोक्यावरून घ्यायला सांगितली. भर उन्हात. तिने घेतली, पाहुणा माणूस म्हणून.

पुढे कुणीतरी सांगितलं की त्यातला एक फोटो स्पर्धेत बक्षीस घेऊन आला. फोटोखाली आईचं नाव नव्हतं, 'भटकी माता' असं काहीतरी होतं. आम्हाला त्याची प्रत कधी मिळाली नाही. आईचा तरुणपणीचा एकही फोटो आज घरात नाही, आणि कुणाच्या तरी भिंतीवर तो टांगलेला आहे.

म्हणून दूरलेन्स, सार्वजनिक रस्त्याचं मला सांगू नका. आमचं घरच रस्त्यावर होतं. घरात डोकावलो नाही म्हणता, तर आमच्या घराची भिंत कुठून सुरू होते ते तुम्ही ठरवलंत. आणि बिबट्या, माळढोकसाठी राखलेल्या माळावरून वनखात्याने आमची मेंढरं हाकलली तेव्हा आम्हीही हेच ऐकलं, आधी जनावरं बाहेर काढा. माळढोक वाढले का?

बिबट्या

माळढोकचा विषय वेगळा आहे. पवनचक्क्या, विजेच्या तारा, ऊस, भटकी कुत्री. मेंढरांवर एकट्यावर खापर फोडलं गेलं, हे मात्र खरं. एवढंच मानतो. मारातल्या रात्रीच्या गुरांबद्दल माझं मत तेच आहे.

दूरलेन्स

मेंढका, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. सरपणवाल्या बाईंचा फोटो लेखातून काढतो आहे. धागाकर्त्यांच्या प्रवचनामुळे नव्हे, तुमच्यामुळे.

पण सगळंच मान्य केलं असं कुणी समजू नये. पैसे देऊन ताठ उभा केलेला फोटो मला अजूनही खोटा वाटतो. उद्या सगळ्यांनी परवानगी घेऊनच फोटो काढले तर माणूस कामात असताना कसा दिसतो हे पुढच्या पिढीला दिसणारच नाही. आणि धावत येणाऱ्या पोरांचं उत्तर कुणीही दिलेलं नाही.

घाटमाथा

पोरांच्या हातात पैसे देऊ नयेत, यावर आपलं एकमत आहे. मी कुठेही पोरांना द्या म्हटलेलं नाही. मोठ्या माणसाशी बोला, ठरवा, त्याला द्या. परवानगी घेतली की चेहरा मरतो म्हणता, ते तुम्ही दोन मिनिटांत निघता म्हणून. तासभर बसा, कॅमेरा बाजूला ठेवा, मग तोच माणूस आपल्या कामाला लागतो.

आणि कायद्याच्या भाषेतच बोलायचं तर आपल्याच अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं गुन्हा आहे. तिथेही रस्ता सार्वजनिकच आहे.

सुमेधा_क

जारवांची तुलना चुकीची. त्यांना बाहेरच्या संसर्गापासून वाचवायचं आहे, ते होकार-नकार कुणाला कळवणार? मसाईंचे वकील आहेत, खासदार आहेत, आपलं नाव आणि नक्षी वापरणाऱ्या कंपन्यांकडून मोबदला मागणारी चळवळही आहे. त्यांना जारवांच्या ओळीत बसवणं म्हणजे पुन्हा तुम्हीच त्यांना लहान करता.

घाटमाथा

ठीक. जारवांचा दाखला मागे घेतो. वकील आहेत म्हणता, मग तर विचारून फोटो काढायला काहीच अडचण नसावी.

निघालोऑगस्टला

आम्ही ऑगस्टमध्ये आईला घेऊन जातोय. भांडण बाजूला ठेवून कुणी सांगेल का, गावात जावं की नाही?

अश्विनी_नैरोबी

जा, पण वाटेत ड्रायव्हर थांबवेल त्या गावी नको. जमलं तर राखीव क्षेत्राबाहेरच्या नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी अशा एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत (प्राण्यांसाठी राखलेल्या खासगी रानात) राहा. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, कॅम्पवाले एकराप्रमाणे दरमहा भाडं देतात, ठरवून दिलेल्या भागांत गुरंही चरतात, आणि एका सिंहाभोवती किती गाड्या याला मर्यादा असते. तिथला गाइड बहुतेकदा त्याच भागातला असतो, त्याच्या ओळखीच्या घरी न्यायला सांगा. आईंना बायकांबरोबर बसू द्या. फोटोचं शेवटी विचारा, पहिल्यांदा नको.

एक मात्र आहे, भाडं ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच मिळतं, आणि त्या कागदांवर बायकांची नावं क्वचितच असतात. म्हणून माळा घ्याच.

बिबट्या

कॉन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पचे दर सांगितले नाहीत. मराठी घरातल्या चार माणसांना ते परवडत नाहीत. कोविडमध्ये पर्यटक थांबले तेव्हा तिथलं भाडंही कापलं गेलं, तेव्हा ही सोय पक्की आहे असं सांगू नका.

अश्विनी_नैरोबी

दर जास्त आहेत, खरं आहे. भाडं कापलं गेलं हेही खरं. पण त्या काळात रस्त्याकडेच्या गावांना काहीच मिळालं नाही, कारण त्यांच्याशी कुणी करारच केलेला नव्हता. निघालोऑगस्टला, बजेट कळवा, दोन-तीन रात्री तिथे आणि उरलेल्या माराच्या तालेक गेटजवळच्या साध्या कॅम्पात असं बसवता येईल.