दाढ काढायची आणि झडप बदललेली
वर विचारलंय की बाबांची हृदयाची झडप बदललेली आहे, तर दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक खरंच लागतं का? लागतं. कृत्रिम झडप असेल किंवा एंडोकार्डायटिस (जंतू रक्तातून हृदयात जाऊन झडपेला होणारा संसर्ग) आधी होऊन गेला असेल, तर अर्धा ते एक तास आधी साधारणपणे अमॉक्सिसिलिनचा २ ग्रॅमचा एकच डोस देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, दुसरं औषध असतं. पूर्वी झडपेत जरासा दोष असला तरी देत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ती यादी बरीच आखडली.

हा संसर्ग आमच्या काकूला झाला होता. तिला लहानपणी रुमॅटिक फिव्हर (हृदयाच्या झडपा खराब करणारा ताप) झालेला, मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूची) तेव्हापासूनच अधू. तीन आठवडे रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा. टायफॉइड समजून गोळ्या चालू. नखांखाली काडी रुतल्यासारख्या तांबूस-काळ्या रेघा दिसत होत्या, आम्ही म्हटलं भांडी घासताना लागलं असेल! ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) काहीच उगवलं नाही, कारण अँटिबायोटिक आधीच पोटात गेलेलं. शेवटी अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाची सोनोग्राफी) झडपेवर संसर्गाचा हलणारा गोळा दिसला. मग सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं.

म्हणून बाबांना कधी न उतरणारा ताप आला, तर घरातली उरलेली गोळी देऊ नका. झडपेचं डॉक्टरांना सांगा आणि आधी कल्चरसाठी रक्त द्या, वेगवेगळ्या जागांहून तीनदा घेतात. बाकी हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर तेही दंतवैद्याला आत्ताच दाखवा, तिथूनही जंतू रक्तात जातात.