‘दुहेरी ठसा’ की ‘दुबार छाप’?

वर्णमाला: नाण्यांवरच्या अनुवादात ‘डबल्ड डाय’ला ‘दुहेरी ठसा’ लिहिलं. तपासनिसांनी ‘दुबार छाप’ केलं. काय ठेवू?

भिंगवाला: तुमचंच ठेवा, हे दोष वेगळे आहेत. डाय म्हणजे ठसा. नाण्यावर उमटते ती छाप. ठसा घडवतानाच त्यावर आकृती किंचित सरकून दोनदा बसली, की त्या ठशाखालच्या प्रत्येक नाण्यावर तेच दुपदर येतं. १९५५चा अमेरिकन सेंट बघा, भिंगसुद्धा लागत नाही. दुबार छापेत ठसा निर्दोष असतो, चकती, म्हणजे ज्यावर छाप उमटते तो धातूचा गोल तुकडा, बाहेर न पडता पुन्हा ठोकली जाते.

गमभन: तिसरी भानगड राहिली. ठसा ढिला असला की ठोकताना हलतो आणि अक्षराची कड घासून चपटी पायरी पडते. किंमत जवळपास शून्य, पण विकणारे ‘डबल’ म्हणूनच खपवतात. दहापट भिंगाखाली खऱ्या दुहेरी ठशात दुसरी रेघही गोलसर उठलेली दिसते, टोकाला खाच असते, अक्षर जाड होतं. पायरीत ते उलट बारीक होतं.

टंकशाला: तिला ‘फरपट’ म्हणा. आणि ‘एरर कॉइन’ला सरळ ‘खोटं नाणं’. खोट म्हणजे दोषच की!

भिंगवाला: अहो, खोटं नाणं म्हणजे बनावट. ही टांकसाळीतून निघालेली अस्सल नाणी आहेत.

टंकशाला: मग ‘टंकनदोष’. टांकसाळ ‘टंक’वरूनच आली.

गमभन: लोकांना कीबोर्ड आठवेल. संग्राहक ‘एरर’च म्हणतात, तेच लिहा.

वर्णमाला: बरं, पुढे ‘सरकलेली छाप’ आणि ‘कातरलेली चकती’ चालेल?

भिंगवाला: पहिलं चालेल, पण किती टक्के सरकली तेही लिहा. पाच टक्क्यांना कोण विचारतो? निम्मी सरकलेली आणि साल शाबूत, तिला खरी मागणी. कातरलेलीत कापाच्या बरोबर समोरची कड बघायची. कड उठवणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसला तर समोरही दाब पडत नाही, कड पुसट राहते. ती ठसठशीत असेल तर बहुधा कुणीतरी नंतर कानस चालवलीय.

टंकशाला: पण ‘कातरलेली’ कशी? कातरायला कात्री लागते. पत्रा पुढे सरकला नाही, की चकत्या पाडणारा पंच आधीच्या भोकावर पडतो आणि चंद्रकोरीएवढा तुकडा जातो. ‘कोरलेली’ म्हणा.

गमभन: कोरलेली म्हणजे नक्षी! ‘खंडित’ म्हणा.

टंकशाला: खंडित मूर्ती असते.