मदत हवी आहे: ‘द नेम ऑफ द रोज’ पुढे कसं वाचू?

नमस्कार मंडळी, उंबेर्तो एकोची ही कादंबरी (इंग्रजी अनुवाद) वाचतेय आणि मधेच अडकलेय. १३२७ साल, इटलीतला डोंगरावरचा मठ, सात दिवस आणि एकामागून एक मरणारे भिक्षू. डुकराच्या रक्ताच्या रांजणात डोकं खाली पाय वर असं प्रेत सापडतं तो प्रसंग वाचून रात्री झोपच लागली नाही मला, आणि ते चक्रव्यूहासारखं ग्रंथालय तर अफाट आवडलंय, खुनांचा तपास करणारा विल्यम आणि त्याचा तरुण शिष्य ॲडसो पहिल्यांदा आत शिरतात तेव्हा मीही त्यांच्यासोबत हरवले होते.

पण मधेच येशू गरीब होता का यावर पानंच्या पानं वाद, पोप विरुद्ध सम्राट, शिवाय लॅटिन वाक्यं तशीच सोडलेली. खुनांचा तपास चाललाय तेच विसरायला होतं! सुरुवातीची शंभर पानं कमी करायला एकोने मुद्दाम नकार दिला होता म्हणे, म्हणजे हे सगळं हवंच असणार ना?

ज्यांनी पूर्ण वाचलीय त्यांनी प्लीज सांगा, हे वाद गाळले तर शेवट कळेल का? की आधी त्या काळाबद्दल थोडं वाचून घेऊ? तिसऱ्या दिवसापर्यंत आलेय, खुनी कोण ते मात्र सांगू नका.