कोरिदो म्हणजे फक्त टोळीवाल्यांची गाणी नव्हेत

कोरिदो म्हणजे गोष्ट सांगणारं मेक्सिकन गाणं. 'कोरिदो म्हणजे अमली पदार्थवाल्यांचं कौतुक' असं इथे एकांनी लिहिलंय. तशी गाणी आहेतच आणि ती मलाही खटकतात. पण एवढ्यावरून अख्खा प्रकार निकालात काढू नका.

ग्रेगोरियो कोर्तेस या मेक्सिकन शेतकऱ्याचा कोरिदो घ्या. 1901, टेक्सास. घोडा चोरल्याच्या संशयावरून शेरीफ दारात येतो. 'घोडा अदलाबदलीत दिलास का?' कोर्तेस म्हणतो, 'नाही', कारण त्याने दिली होती ती घोडी! दुभाष्याला स्पॅनिशमधला हा फरक कळत नाही, शेरीफला वाटतं हा खोटं बोलतोय. गोळीबारात आधी कोर्तेसचा भाऊ जखमी होतो, मग शेरीफ मरतो. पुढे दहा दिवस शेकडो माणसं कोर्तेसच्या मागावर. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला खुनी ठरवत होती, तेव्हा त्याची बाजू मांडली ती मेक्सिको-अमेरिका सरहद्दीवरच्या गाण्यांनी. शेवटी 1913 मध्ये गव्हर्नरांनी त्याला माफी दिली.

बांधणीही पाहा. आठ अक्षरांच्या ओळी, चार ओळींचं कडवं, बहुधा सुरुवातीलाच साल आणि गाव, अखेरीस गायकाचा निरोप. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हीच बातमी होती.

आजच्या पिढीने यात ट्रॅप (हिप-हॉपचा एक प्रकार) मिसळून 'कोरिदोस तुम्बादोस' काढले. गायक पेसो प्लुमा आणि एस्लाबोन आर्मादो हा बँड यांचं 'एया बाइला सोला' 2023 मध्ये बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते खरं तर प्रेमगीत, पण त्यातली गिटार आणि ट्रॉम्बोन अस्सल मेक्सिकन आहेत. मला मात्र ओढ त्या घोडीच्या गोष्टीचीच.