गिटार बॉडीची गोलाई: मॉडेलमध्ये फिलेट (संगणकावरच कडेला दिलेली गोलाई), की थेट राउंडओव्हर बिट (कड गोल कापणारं पातं)?

रंधा: स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) घाटाची बॉडी, जाडी ४४.४५ मिमी, कडेला १२.७ मिमी गोलाई. राइनोत (त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) फिलेट दिलं की शिंगाच्या (बॉडीच्या पुढे आलेल्या निमुळत्या भागाच्या) टोकाशी पृष्ठभाग फाटतो. मग लोक टॉलरन्स (किती मिमी फरक चालेल ती मर्यादा) ०.००१ चा ०.०१ करून पुन्हा तेच बटण दाबत बसतात. एवढी झटापट कशाला? मॉडेल सरळ कडेचं ठेवा आणि गोलाई राउंडओव्हर बिटने काढा.

धारदार: पटत नाही. टोकाची त्रिज्या वरून पाहता ८ मिमी असेल, तर १२.७ मिमी आत सरकवलेली रेषा स्वतःलाच छेदते. तिथे ती गोलाई बसतच नाही. सॉफ्टवेअर निदान नकार देतं. बिट मुकाट कापतं आणि टोकाच्या मधोमध सपाटीपेक्षा ०.९ मिमी खाली धार सोडतं. त्या टोकापुरती गोलाई ६ मिमीवर उतरवा, फिलेट लागेल. आणि टॉलरन्स बदलून आधीच जोडलेल्या कडा सुधारत नाहीत. उघड्या (शेजारच्या पृष्ठभागाला न जुळलेल्या) कडा शोधा, ते पृष्ठभाग सुटे करून पुन्हा जोडा.

रंधा: ०.९ मिमी घासण्यात जातं हो. १२० चा कागद कशाला असतो?

खाचखळगे: घासून जाईल, पण हात टेकण्यासाठी कापलेल्या उताराचं काय? बिट एकाच झेडवर (उंचीवर) फिरतं. उतारावर कड १० मिमी खाली गेली, की १२.७ पैकी जेमतेम २.७ मिमी लाकडाला लागतात, बाकी हवेत. तिथे मॉडेलला पर्याय नाही. उतार आधी कापा, उतार आणि सपाटीमधली घडी मऊ करा, फिलेट सगळ्यात शेवटी. घडी तीक्ष्ण राहिली की फिलेटची साखळी (सलग जोडलेल्या कडांची रांग) नेमकी तिथेच तुटते. मग यंत्रावर १२ मिमी बॉलनोज (गोल टोकाचं पातं), १ मिमी स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांमधलं अंतर). उंचवटे साधारण ०.०२ मिमी राहतात.

खाचखळगे: आणि जाता जाता, मॉडेलमधून पिकअपचा (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचा) खड्डा वजा होत नसेल तर फिलेटला दोष देऊ नका. कापणाऱ्या ठोकळ्याचा माथा बॉडीच्या सपाटीशी तंतोतंत जुळलेला असतो, म्हणून बूलियन (एका आकारातून दुसरा वजा करणारी आज्ञा) गोंधळतं. ठोकळा १ मिमी वर काढा.

रंधा: उताराच्या बॉडीपुरतं मान्य. टेलीसारख्या (फेंडर टेलिकास्टर) सपाट बॉडीला, ३.२ मिमी गोलाईसाठी, मी अजूनही बिटच म्हणेन.

धारदार: म्हणा, पण बिटची उंची आधी भंगार फळीवर कापून जुळवून घ्या. ०.२ मिमी खोल गेलं तरी कडेभर पायरी उमटते.